तारा गप्प करणारा हात

गेल्या लग्नसराईत माझा भाचा घोडनदीला माझ्याकडे आला तो तणतणतच. (शिरूरला आम्ही जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतो.) तो बेंजो पार्टीत वाजवतो. वरात संपल्यावर यजमानांनी ठरल्या सुपारीतले निम्मेच पैसे हातावर टेकवले. म्हणाले, ‘गाणं कुठलं तेच कळलं नाही, नुसती खरखर!’ भाच्याचं म्हणणं, ‘मामू, मशीन जुनं झालंय.’ म्हटलं, वाजवून दाखव. खरखर मशीनची थोडी आणि हाताची जास्त होती.

हा आपला बेंजो मूळचा जपानी. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारख्या कळा लावून ‘ताइशोगोतो’ बनवलं. आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झालं, उरुसातल्या कव्वालीत बसलं आणि पिकअप लागल्यावर वरातीत शिरलं.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते. ती अ‍ॅम्प्लिफायरला झेपेनाशी झाली की लाटांचे शेंडे छाटले जातात. हेच डिस्टॉर्शन. इलेक्ट्रिक गिटारवाले ते मुद्दाम करतात. वरातीत भोंगा ताणला की आपोआप होतं. या छाटणीत मोठा आवाज आणखी मोठा होत नाही, बारीक मात्र वर येतो. पिकची घासट, कळेची टकटक, न छेडलेल्या तारेची गुणगुण, सगळं सुरांच्या पंगतीला येऊन बसतं.

मला हे दौंडला कळलं. रेल्वेमुळे तिथं अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती कुटुंबं वसली, त्यांच्याबरोबर गिटारही आली. बी.ए.ला असताना रविवारी न्हावरे-चौफुला करत एस.टी.नं मी तिथल्या एका अंकलकडे जायचो. पहिले दोन महिने त्यांनी गाणं शिकवलंच नाही. तारा गप्प कशा करायच्या, तेवढंच. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड घोडीजवळच्या जाड तारांवर हलकेच टेकवायची, डाव्या तर्जनीच्या खालच्या भागानं बारीक तारा झाकायच्या. पिकचं फक्त टोक तारेत जाऊ द्यायचं. गुंडाळलेल्या जाड तारेवर पिक तिरपी लागली की कड वेढ्यांवर घासते आणि कर्र होतं. आणि गेन कमी! नॉइज गेट नावाची पेटी मिळते, पण ती तुम्ही थांबलात तरच गोंगाट अडवते. वाजवताना सुराबरोबर तोही आत घेते. माझी गिटार पुढे सुटली, कविताच उरली. हात मात्र विसरला नाही.

बेंजोत पंचाईत अशी, की डावा हात कळांवर अडकलेला. तारा झाकायचं सगळं काम उजव्या तळहाताचं. शिवाय कळ सोडली की तार मोकळी होऊन आपला मूळ सूर ओरडते. म्हणून भाच्याला सांगितलं, पुढची कळ दाबल्याशिवाय मागची सोडायची नाही. महिनाभर रोज रात्री आम्ही मशीन बंद ठेवून हेच घोटलं. तो चिडायचा, ‘मामू, ऐकू तर काहीच येत नाही!’

परवा दौंडला एका वरातीत मी मुद्दाम मागून चाललो. गाणं कळत होतं. पैसे पूर्ण मिळाले. उतरत्या सुरांत कळ अजून एक-दोनदा लवकर सुटते, त्यावर आमचं चाललंय.