काजव्याचा उजेड कोणाच्या मालकीचा?



मृगाच्या तोंडावर बांधावर चमकतो तो काजवा भुंगेऱ्यांच्याच कुळातला. त्याच्या पोटात लुसिफरेज नावाचे विकर असते, त्यामुळे उजेड पडतो. 1947 साली अमेरिकेत मॅकएलरॉय या शास्त्रज्ञाने पोरांना शंभर काजव्यांमागे पाव डॉलर देऊन काजवे जमवले. 1985 साली कॅलिफोर्नियात या विकराचे जनुक जिवाणूत बसवले. आता काजवा धरायची गरज उरली नाही.

याचा उपयोग काय? जिथे जिवंत पेशी, तिथे हे विकर उजेड देते. भांड्यात जंतू राहिले का, हे लगेच कळते. पण मूळ विकर उष्णतेने लवकर नासते. जपानच्या किक्कोमन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या गेंजी काजव्याच्या विकराच्या साखळीतला 217 वा दुवा बदलला. विकर टिकाऊ झाले. कंपनीने त्यावर पेटंट घेतले.

किडा निसर्गाचा आणि पेटंट कंपनीचे, हा न्याय कुठला? रागावण्याआधी हिशेब करा. सापडलेले वेगळे, घडवलेले वेगळे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली मिरियाड खटल्यात सांगितले, निसर्गातले जनुक नुसते वेगळे काढले म्हणून पेटंट मिळत नाही. आपल्या पेटंट कायद्याचे कलम 3 हेच सांगते. झाडे आणि बियाणेही ते पेटंटबाहेर ठेवते.

217 वा दुवा ज्याने बदलला त्याला त्याच्या कष्टाचे दाम मिळावे. घामाचे दाम मागणारे आपण, दुसऱ्याचे कसे नाकारू? पण बाकीचे पाचशेवर दुवे काजव्याचेच आहेत. त्यांच्यावर हक्क सांगू द्यायचा नाही.

कपाशीतही हाच वाद आहे. बीटी जनुक मूळचे मातीतल्या जिवाणूचे. मोन्सँटोचे त्यावरचे पेटंट 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरवले. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून खटला पुन्हा चालवायला सांगितला. 2021 साली कंपन्यांनी आपसात मिटवले. बियाण्यात बसवलेले जनुक हा बियाण्याचाच भाग की नाही, याचा निवाडा राहूनच गेला.

आपल्या हाती 2001 च्या वाण संरक्षण कायद्याचे कलम 39 आहे. घरचे बियाणे राखा, पेरा, अदलाबदल करा, विका; फक्त ब्रँडच्या नावाने विकू नका.

हे कलम गावच्या बैठकीत मोठ्याने वाचा. आणि हक्क सांगत येईल त्याला दोन प्रश्न विचारा : तू नवे काय घडवलेस? आणि तुझा हक्क कुठे संपतो?