मारहाण ‘किरकोळ’ कशावरून ठरते?

मार खाल्लेल्या बाईसोबत आपण पोलीस ठाण्यात गेलो, की एक शब्द हमखास कानावर पडतो: ‘किरकोळ’. घरातलं भांडण आहे, एनसी लिहून घेतो, म्हणतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यात न्यायालयाच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मग किरकोळ काय आणि गंभीर काय?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापती मोजून सांगितल्यात. हाड मोडलं, सांधा निखळला, दात पडला, डोळा किंवा कान कायमचा गेला, हात-पाय अधू झाला, चेहरा कायमचा विद्रूप झाला, जिवावर बेतलं, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना झाल्या, रोजची कामं करता आली नाहीत. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद, गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. एक दात पडला तरी ती गंभीर, आणि गुन्हा दखलपात्र.

दुसरी गोष्ट हत्याराची. विळा, कोयता, चाकू किंवा उकळतं पाणी वापरलं, तर जखम साधी असली तरी कलम ११८ लागतं, गुन्हा दखलपात्र होतो. दगडाचं काय? सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली सांगितलं, की दगड घातक हत्यार आहे का, हे त्याचा आकार आणि तो कसा वापरला यावरून ठरवायचं. म्हणून तक्रारीत नुसतं ‘मारलं’ म्हणू नका. कशानं, कुठं, किती वेळा, ते सांगा.

डॉक्टरांनाही खरं सांगा. ‘पाय घसरून पडले’ असं कागदावर आलं, की पुढं तेच आडवं येतं. हाडाची शंका असेल तर एक्स-रे मागा. मजुरीचे किती दिवस बुडाले, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा.

हाड मोडलं नाही म्हणून गप्प बसू नका. सासरच्या छळाला कलम ८५ आहे. बाईनं स्वतः किंवा तिच्या आईबाप, भावाबहिणीनं माहिती दिली, तर तो दखलपात्र गुन्हा आहे.

आपलं धर्माबाद तेलंगणाच्या सीमेवर. पलीकडं दिलेली लेक मार खाऊन माहेरी आली, तर तिला ‘तिकडंच जा’ म्हणता येत नाही. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्यानं नोंदवायलाच हवी. माहेरी आसरा घेतलेल्या बाईला छळाची तक्रार तिथंही करता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि बाईला एकटीला पाठवायचं नाही, आपल्यापैकी दोघींनी तरी सोबत जायचं.