नोंदवहीची साक्ष

"आमच्या लहानपणीं असला उन्हाळा नव्हता," असें प्रत्येक पिढी म्हणत आली आहे. परंतु स्मृतीची साक्ष न्यायालयांत टिकावयाची नाहीं. टिकते ती नोंदवहीची. भारतीय हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. झडपांच्या पांढऱ्या पेटींतील तपमापक ठरल्या जागीं, ठरल्या वेळीं वाचीत गेल्यामुळेंच, १९०१ ते २०१८ या काळांत देशाचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंश सेल्सिअसनें वाढलें, हें कळलें. एवढी मंद वाढ देहाला जाणवत नाहीं. मात्र पेटीची जागा हलली, शेजारीं इमारत उठली किंवा नोंद खंडली, कीं शतकाचा पुरावा पंगु होतो. गेलेल्या दिवसाचें तपमान पुन्हां मोजतां येत नाहीं. म्हणून जुन्या वेधशाळा जागच्या जागीं राखणें, हें आपलें कर्तव्य होय.