अंगावरचे दूध सोडविताना

(राळेगणसिद्धी येथील माता-पालक मेळाव्यात आपल्या रुग्णालयाच्या बालरोगतज्ज्ञांनी केलेले भाषण. उपस्थितांच्या आग्रहावरून ते या अहवालात समाविष्ट करीत आहोत.)



स्तनपानाविषयी बोलावयाचे म्हटले की वक्ते बहुधा आरंभाविषयी बोलतात. जन्मल्यावर तासाभरात बाळाला पाजावे, चीक फेकू नये, पहिले सहा महिने पाणीसुद्धा देऊ नये, या गोष्टी आता आपल्या घरोघरी पोहोचल्या आहेत. परंतु बाह्यरुग्ण विभागात मला जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा आणि सर्वांत हळू आवाजात विचारला जातो, तो शेवटाविषयीचा असतो. "डॉक्टर, आता याचे अंगावरचे कसे सोडवू?" आज मी या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

प्रारंभी माझी स्वतःची एक चूक सांगते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, दुसऱ्या एका दवाखान्यात, एक आई नऊ महिन्यांच्या मुलाला गोवराच्या लसीसाठी घेऊन आली होती. बाहेर रांग लांब होती. तिने दुधाविषयी विचारले आणि मी मान वर न करता म्हणाले, "वर्षाचा झाला की बंद करा." सहा-सात महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा आला, तेव्हा मी त्याला ओळखले नाही. पाय सुजलेले, केस विरळ व भुरकट, हाताला धरले तरी न रडणारा. मधल्या काळात आईला पुन्हा दिवस गेले होते. गरोदर बाईचे दूध बाळाला बाधते असे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले, आणि डॉक्टरीणबाईही बंदच करा म्हणाल्या होत्या. एका दिवसात कडुनिंबाचा पाला वाटून लावला, मुलाला आजोळी पाठविले आणि दूध तुटले. आजोळी त्याने जेवणाकडे पाठ फिरविली. चहा-बिस्कीट आणि बाटलीतून पाणी घातलेले दूध एवढ्यावर तो राहिला. त्यात जुलाब लागले.

तो मुलगा वाचला. त्याला अनेक आठवडे लागले. घरी जाताना त्याची आजी मला म्हणाली, "बाई, आम्ही दूध तोडलं, पण त्याच्या जागेवर काय ठेवायचं ते कुणी सांगितलंच नाही." ते सांगण्याचे काम माझे होते. आजचे हे भाषण म्हणजे त्या आजीला दिलेले उशिराचे उत्तर आहे असे समजा.

या आजाराला वैद्यकशास्त्रात 'क्वाशिओरकोर' म्हणतात. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात काम करताना हा शब्द तेथील गा भाषेतून उचलला. धाकटे भावंड आल्यामुळे आपल्या जागेवरून दूर झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा आशय आहे. तेथील आयांनी रोगाचे नाव ठेवतानाच त्याचे कारणही सांगून ठेवले होते. आजार दूध सुटल्याने होत नाही. दूध अचानक सुटते आणि त्याची जागा रिकामी राहते, म्हणून होतो.

आता दूध केव्हा सोडवावे, हे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतर पूरक आहार आणि त्याच्या जोडीने दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही स्तनपान. वर्षानंतर आईच्या दुधात 'काही उरत नाही' ही समजूत चुकीची आहे. दुसऱ्या वर्षातही बाळाच्या ऊर्जेच्या गरजेचा सुमारे एक तृतीयांश वाटा ते भागवू शकते. मूल आजारी पडून सर्व अन्न नाकारते, तेव्हा पुष्कळदा तेवढेच एक पोटात जाते. दोन वर्षांनंतर मात्र अमुक महिन्यात बंद केलेच पाहिजे, असा कोणताही वैद्यकीय नियम नाही. तो निर्णय आई आणि बाळ यांनी मिळून घ्यावयाचा आहे.

आणि एखाद्या आईला नोकरीमुळे, शेतातील कामामुळे, प्रकृतीमुळे किंवा केवळ थकून गेल्यामुळे त्याआधी थांबावयाचे असेल, तर तिला दोष देऊ नये. हिरकणीची कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. एस. टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांनाही आपण तिचे नाव दिले आहे. परंतु प्रत्येक आईने रोज कडा उतरावा अशी अपेक्षा कोणत्याही घराने धरू नये. दूध लवकर सोडवावयाचे असेल तर त्याची पूर्वतयारी अधिक काळजीपूर्वक करावी, इतकेच.

गरोदरपणाविषयी स्पष्ट सांगते. दिवस गेल्याने दूध नासत नाही व विषारी होत नाही. ते थोडे कमी होते, चव बदलते आणि काही मुले त्यामुळे आपणहून सोडतात. रक्तस्राव, पोटात कळा किंवा आधीची अपुऱ्या दिवसांची प्रसूती असा इतिहास असेल तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. एरवी एका दिवसात तोडण्याचे कारण नाही. मात्र अशा आईचे स्वतःचे जेवण वाढले पाहिजे, कारण ती तिघांसाठी जेवत असते.

आता पद्धत. आपल्या राळेगणसिद्धीला ती शिकवावी लागू नये. १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने या गावाने पाणी अडविले, ते डोंगरापासून पायरीपायरीने. धावत्या पाण्यापुढे एकदम भिंत घातली तर भिंत फुटते. त्याला आधी संथ करावे लागते आणि मग मुरवावे लागते. दूध सोडविण्याचेही तसेच आहे.

दिवसभरात बाळ किती वेळा पिते ते प्रथम दोन दिवस नीट पाहावे. ज्या वेळचे दूध त्याला सर्वांत कमी आठवते ते आधी सोडावे. बहुधा ते दुपारचे असते. त्याच्या अर्धा तास आधी त्याला पोटभर खाऊ घालावे. एक वेळ सुटल्यावर पाच-सात दिवस थांबावे, मग पुढची. आपण होऊन देऊ नये, पण मागितल्यावर झिडकारूही नये. झोपतानाचे दूध सर्वांत शेवटी सोडावे, कारण तेथे बाळाला भुकेपेक्षा कुशीची गरज असते. त्या वेळी वडिलांनी थोपटावे, आजीने गोष्ट सांगावी. दूध कमी होईल तसे मांडीवर घेणे वाढले पाहिजे. या सगळ्याला महिना-दीड महिना लागला तर तो वाया गेला असे समजू नये.

कडुनिंब, मिरची, काजळ लावून 'बाऊ आला' म्हणणे हे उपाय आपल्या आज्यांनी प्रेमापोटीच केले. पण ज्या ठिकाणी मुलाला कालपर्यंत धीर मिळत होता, त्याच ठिकाणी आज भीती का वाटावी, हे त्याला कळत नाही. मिरचीने तर त्याचे तोंड व डोळे पोळतात. आईपासून दूर आजोळी पाठवून दूध तोडणेही टाळावे. त्यात दूध आणि आई दोन्ही एकाच दिवशी जातात.

मूल आजारी असताना, जुलाब चालू असताना, घरात नुकतेच दुसरे बाळ आले असताना किंवा आई नव्याने कामावर जाऊ लागली असताना दूध सोडविण्यास आरंभ करू नये. आईच्या छातीत दूध दाटले तर आराम वाटेल इतकेच हाताने काढावे, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, कापडाने आवळून बांधू नये. गाठ लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे.

आता त्या आजीच्या प्रश्नाकडे येते. जागेवर काय ठेवावयाचे? खरे तर ही तयारी उष्टावणाच्या दिवसापासूनच सुरू होते. मामाने चांदीच्या वाटीतून खीर चाटविली आणि पुढे चार महिने पुन्हा दूधच, असे होता कामा नये. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि मध्ये एक-दोनदा थोडे खाणे. वर्षाचे मूल घरच्यांच्या ताटातले, तिखट वगळून, सर्व खाऊ शकते. वरणाचे नुसते पाणी देऊ नये, वरण द्यावे. बाजरीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, मुगाची मऊ खिचडी, शेवग्याच्या पाल्याची पातळ भाजी, बारीक कुटलेले शेंगदाणे, घरात चालत असेल तर अंडे, आणि प्रत्येक वाटीत चमचाभर तेल किंवा तूप. यांतील काहीही बाजारातून डब्यात विकत आणावे लागत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. पाणी अडले, चराईबंदी झाली, चारा आला आणि या गावात दूध वाढले, ही अभिमानाची गोष्ट आहे. म्हणूनच अंगावरचे सुटले की गाई-म्हशीचे दूध वाट्टेल तितके पाजण्याचा मोह होतो. वर्षापुढील मुलाला दिवसाला दोन कप, म्हणजे ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरे. त्यात लोह फार थोडे असते. पोट दुधानेच भरले तर मूल जेवत नाही, गुबगुबीत दिसते पण आतून फिकट होत जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. त्याच सर्वेक्षणानुसार देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले केवळ ११ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणून आशाताई आठवड्यातून दोनदा द्यावयाचे जे लोहाचे औषध देतात, ते फळीवर ठेवून देऊ नये. आणि दूध वाटी-चमच्याने द्यावे, बाटलीने नव्हे. बाटली स्वच्छ राहत नाही, आणि पुढे ती सोडविण्यासाठी पुन्हा सारा खटाटोप करावा लागतो.

हे सर्व साध्य होण्याजोगे आहे. याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले आणि बालकांचे आरोग्य मोठ्या इमारतींवाचून सुधारता येते हे जगाला दाखविले. २००५ मध्ये महाराष्ट्राने राजमाता जिजाऊ मिशन सुरू केले आणि पुढच्या टप्प्यात भर पहिल्या हजार दिवसांवर दिला; २०१२ च्या पाहणीत दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांच्या खाली आलेले दिसले. पुढच्या सर्वेक्षणांतील आकडे मात्र तितके समाधानकारक नाहीत. गाळ काढला नाही तर बंधारा भरतो. सांगण्याचे कामही दर पिढीला नव्याने करावे लागते.

विश्वस्त आणि देणगीदारांना एकच विनंती. आपल्या देणगीतून खाटा, यंत्रे, औषधे येतात आणि त्यांची गरज आहेच. परंतु सुजलेल्या पायांचे ते मूल माझ्याकडे खाट कमी पडल्यामुळे आले नव्हते. एका आईशी दहा मिनिटे बोलण्यास मला सवड झाली नाही म्हणून आले होते. लसीकरणाच्या दिवशी आयांपाशी निवांत बसून बोलणारी एखादी भगिनी नेमणे, हाही रुग्णसेवेचाच खर्च समजावा.

आणि मातांनो, ज्या दिवशी तुमचे बाळ शेवटचे अंगावर पिईल, तो दिवस बहुधा तुमच्या ध्यानातही येणार नाही. चार दिवसांनी एकदम आठवेल की अरे, याने मागितलेच नाही. मन थोडे भरून येईल. येऊ द्या. तोपर्यंत ते तुमच्या शेजारी बसून, स्वतःच्या हाताने, अर्धे सांडत भाकरी खात असेल. दूध नीट सुटले, याची खूण तीच.