पाणी न पिणारा उंदीर आणि घरातलं धान्य



मागच्या भागानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "वाळवंटातले उंदीर पाणी पीतच नाहीत म्हणे, खरं का हो?" आज त्यावरच बोलू. मी काही प्राणिशास्त्रातला माणूस नाही. बीटेक करून कोड लिहिणारा साधा डोंबिवलीकर. त्यामुळे माझी पद्धत एकच, जमाखर्च मांडायचा.

हा जमाखर्च आधीच मांडून ठेवलाय क्नूट आणि बोडिल श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञांनी. १९४०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात कांगारू रॅट नावाच्या उंदरावर काम केलं. हा उंदीर साधारण महिन्याभरात १०० ग्रॅम जव खातो, कोरडे. त्या दाण्यांत मुळात असलेलं पाणी फक्त ६ ग्रॅम. पण दाणे पचून शरीरात 'जळतात', म्हणजे त्यातल्या हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होतो, तेव्हा आणखी ५४ ग्रॅम पाणी तयार होतं. एकूण जमा ६० ग्रॅम.

यात जादू काही नाही. एक ग्रॅम ग्लुकोज जळलं की ०.६ ग्रॅम पाणी निघतं, तुमच्या-माझ्या शरीरातसुद्धा. आपल्याला त्यातून दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी मिळतं. फक्त आपला खर्च इतका जास्त की ते कुठे पुरणार?

म्हणजे खरी गंमत खर्चाच्या बाजूला आहे. उंदराच्या ६० ग्रॅमपैकी लघवीत जातं साडेतेरा, लेंड्यांत अडीचच्या आसपास, आणि बाकीचं ४४ ग्रॅम श्वासातून आणि कातडीतून उडून जातं. लघवी इतकी कमी कशी? त्याची किडनी आपल्यापेक्षा साधारण चौपट घट्ट लघवी करते. श्वासाचं काय? आत येणाऱ्या कोरड्या हवेने नाकाच्या भिंती थंड होतात. बाहेर जाणारी ओली हवा त्या भिंतींना लागली की पाणी तिथेच जमतं, थंडगार ग्लासाला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच. शिवाय तो दिवसभर बिळात बसतो. तिथली हवा दमट असते, त्यामुळे उडून जाणारं पाणीही कमी होतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हा हिशेब जवासारख्या पिठूळ दाण्यांवर बसतो. श्मिट-नील्सन यांनी त्याच उंदरांना सोयाबीन दिलं, तेव्हा गणित फिसकटलं. प्रथिनं जास्त म्हणजे युरिया जास्त, आणि तो बाहेर टाकायला पाणी जास्त. मग मात्र त्यांना पाणी प्यावं लागलं. आणि समुद्राचं खारट पाणी पिऊनही ते जगले!

आता आपल्याकडे येऊ. थरच्या वाळवंटात जर्ड नावाचा उंदीर आहे. जोधपूरच्या काझरी संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी अशा उंदरांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्याचाच नातलग, भारतीय जर्बिल, आपल्या महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतांतही राहतो. मोठे डोळे, शेपटीच्या टोकाला झुबका, रात्री बाहेर पडणारा. भारतातल्या प्लेगच्या अभ्यासात हा जर्बिल महत्त्वाचा मानला जातो, कारण जंतू अशा रानातल्या उंदरांत टिकून राहतो आणि पिसवांमार्फत घरातल्या उंदरांकडे येऊ शकतो.

आणि इथे मला १९९३-९४ आठवतं, म्हणजे वाचलेलं आठवतं! ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबर १९९४मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. त्याचं जे स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं, ते असं: भूकंपाच्या धास्तीने लोक घरं सोडून बाहेर राहिले, धान्य घरातच राहिलं, आणि त्या धान्यावर उंदीर माजले.

ज्या मराठवाड्यात माणसाला टँकरची वाट बघावी लागते, तिथे दाणे खाणाऱ्या जर्बिलसारख्या प्राण्याला ज्वारीचं पोतं म्हणजे जेवण तर आहेच, पाण्याचा बराचसा भागही त्यातच आला. म्हणून 'विहीर आटली, आता उंदीर जातील' हा हिशेब चुकतो. मात्र पाऊसच पडला नाही आणि गवताला बी धरलं नाही, तर हेही उंदीर घटतात. पाऊस त्यांनाही लागतोच, फक्त तो दाण्याच्या वाटेने येतो.

आपल्या डोंबिवली-ठाण्यातले घुशी-उंदीर वेगळे. त्यांची किडनी इतकी घट्ट लघवी करत नाही, त्यांना पाणी प्यावं लागतं, म्हणून ते गटाराच्या आसपास दिसतात. सोसायटीत गळका पाइप दुरुस्त करणं आणि ओला कचरा झाकणं, दोन्ही उपयोगी पडतं. पण गावाकडे आई-बाबा, काका-काकू धान्य साठवत असतील, तर त्यांना सांगा: पोती जमिनीवर थप्पी लावून ठेवू नका, घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी वापरा. आणि घराच्या आसपास उंदीर अचानक मरून पडलेले दिसले, तर हाताने उचलू नका, आधी आरोग्य केंद्राला कळवा.

तुमच्या गावाकडे शेतातल्या या झुबकेदार शेपटीच्या उंदराला काय म्हणतात, ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच.