दिसणे आणि असणे
(सातपूर येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



निमंत्रणपत्रिकेत आमच्या नावामागे ‘विद्वान वक्ते’ असे छापले आहे. चालकांच्या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु वस्तुस्थिती अशी की, आम्ही मॅट्रिक झालेले एक निवृत्त शिक्षक आहोत. हे वाक्य चारचौघांत उच्चारण्यास आम्हांस साठी ओलांडावी लागली. मागे ज्ञातिसूचीसाठी माहिती मागविली गेली, तेव्हा ‘शिक्षण’ या शब्दापुढील जागा आम्ही कोरी सोडली होती. ज्याने जन्मभर मुलांना खरे बोलण्याचे धडे दिले, त्याची ही गोष्ट! म्हणूनच या विषयावर चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

हे सातपूर एके काळी त्र्यंबकच्या वाटेवरील खेडे होते. १९६० नंतर येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि गावोगावची माणसे भाकरीसाठी येथे आली. गावी ज्यांना कोणी विचारीत नसे, त्यांना येथे मान मिळवावासा वाटला. हिणवल्या गेलेल्या माणसाने आपली योग्यता दाखवू पाहावे, यात अस्वाभाविक काही नाही. परंतु दाखविण्याची सवय एकदा जडली, की ती सुटत नाही. यंत्रावर इमानाने राबणारा आपला मुलगा सोयरिकीच्या बोलण्यात ‘सुपरवायझर’ होतो, आणि पुढे सासरच्यांपासून तोंड लपवीत फिरतो.

आम्ही तरी काय वेगळे केले? कन्येच्या विवाहात ‘मास्तरांनी हात आखडला’ असे कोणी म्हणू नये, म्हणून पतपेढीचे कर्ज काढून मोठा मांडव घातला. ते कर्ज फेडण्यास ६ वर्षे लागली. पहिल्या दिवाळसणास आलेल्या मुलीने विचारले, “नाना, एवढं कोणासाठी केलंत?” आम्हांस उत्तर देता आले नाही. ज्यांच्यासाठी केले, ते जेवून गेले होते आणि मांडव विसरले होते.

अशा वेळी गाडगे महाराजांचे स्मरण होते. नाशिकला गोदाकाठी त्यांची धर्मशाळा आपण सर्वांनी पाहिली आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलीच्या बारशाला जातभाईंस मद्य-मांसाचे जेवण देण्याची रीत होती. त्यांनी गोड जेवण वाढले. भाऊबंद रुष्ट झाले, तरी ते डगमगले नाहीत. १९०५ मध्ये घर सोडल्यावर अंगावर चिंध्या, हातात गाडगे आणि खराटा, एवढाच त्यांचा संसार होता. गावात शिरताच ते प्रथम रस्ता झाडीत. पुष्कळांना ते वेडे वाटत. आपण वेडे नाही हे सिद्ध करण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. तेवढ्या वेळात आणखी एक गल्ली स्वच्छ होत असे. १९५६ साली ते निवर्तले. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या पुरुषाने स्वतःसाठी घर बांधले नाही.

याचा अर्थ मन मानेल तसे वागावे, असा कोणी करू नये. वाईट कृत्य करताना जनलज्जा वाटलीच पाहिजे. परंतु लहान घर, हातांचे काम, अल्प शिक्षण यांत लाजण्यासारखे काय आहे? लाज दुष्कृत्याची असावी, गरिबीची नसावी. कोणतेही कार्य करण्यापूर्वी मनाला एक प्रश्न विचारावा: हे कोणास कळणारच नसेल, तरी आपण करू काय? उत्तर ‘होय’ आले, तर ते अवश्य करावे.

शेवटी दोन विनंत्या. आपल्या लग्नसमारंभांत आहेराची नावे आणि रकमा ध्वनिक्षेपकावरून पुकारण्याची प्रथा बंद व्हावी. ५१ रुपयांचा आहेर आणणारी विधवा भगिनी त्या पुकाऱ्याच्या भयाने मांडवाच्या दारातूनच परतते, हे आम्ही पाहिले आहे. तिला पंगतीत निर्धास्त बसता आले, तर संमेलनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

दुसरी विनंती चालकांस आहे. ज्ञातिसूचीच्या नव्या आवृत्तीत आमच्या नावापुढील कोरी जागा भरून काढावी आणि तेथे ‘मॅट्रिक’ असे स्पष्ट छापावे.