लिलाव दारात येण्याआधी



कशेडी घाट उतरला की खेड तालुका लागतो. तिथल्या मुंबके गावातल्या दाऊद इब्राहिमच्या घराण्याच्या जमिनींचा सरकारने ५ जानेवारी २०२४ रोजी मुंबईत लिलाव केला. १५,४४० रुपये राखीव किमतीच्या तुकड्यावर दोन कोटी एक लाखाची बोली लागली. टीव्हीवर त्याची केवढी चर्चा झाली!

आपल्या महाड-पोलादपुरात कर्जापायी एखादं घर लिलावात निघालं, तर टीव्हीवाले येत नाहीत. येते ती नोटीस, आणि पुष्कळदा ती न वाचताच फळीवर पडून राहते.

घर तारण ठेवून काढलेलं कर्ज थकलं, तर २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक आधी ६० दिवसांची नोटीस देते. त्यावर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बँकेशी बोलणी करायचा काळ हाच. शेतजमीन या कायद्यात येत नाही. पण सोसायटीचं कर्ज थकलं, तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि जमिनीचाही लिलाव होऊ शकतो.

म्हणून पुढच्या बैठकीला सातबारा आणा. ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा कुणाचा, किती, ते मिळून वाचू. घरात कुणी “इथे सही कर” म्हणालं, तर आधी विचारा, मी कर्जदार की जामीनदार? वसुली जामीनदाराकडूनही होते. आलेली नोटीस त्याच दिवशी उघडा. वाचता येत नसेल तर गटात घेऊन या. त्यात लाजायचं काही नाही.